रुईपासून निर्जंतुक पाकिटापर्यंत: मेडिकल डिव्हाइस कारखान्यातल्या नवख्या प्रोसेस इंजिनीअरसाठी

वर्धा, यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडची मुलं-मुली डिप्लोमा किंवा बीई करून बाहेर पडतात. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्याची जाहिरात दिसली की पहिला प्रश्न येतो, "प्रोसेस इंजिनीअर म्हणजे करायचं तरी काय? मशीन चालवायचं का?" मशीन ऑपरेटर चालवतात, बिघडलं तर मेंटेनन्सवाले बघतात, रोजचा आकडा प्रॉडक्शनवाले सांभाळतात. मशीन किती तापमानावर, किती दाबावर, किती वेळ चालवायचं आणि कुठून कुठपर्यंत चाललं तर माल चांगलाच निघेल, हे ठरवणं प्रोसेस इंजिनीअरचं काम. नुसतं ठरवून भागत नाही. ते पुराव्यानिशी सिद्ध करायचं, कागदावर आणायचं आणि पुढे कोणी त्यात गुपचूप बदल करत नाही ना, यावर डोळा ठेवायचा.

इथे उदाहरण मुद्दाम सर्जिकल कॉटन आणि निर्जंतुक गॉजचं घेतलंय, कारण कापूस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. उद्या तुम्ही सिरिंजच्या कारखान्यात गेलात किंवा हाडाच्या स्क्रूच्या, विचार करायची पद्धत हीच राहते.

कामाची ठिकाणं आधी सांगून टाकतो. सर्जिकल कॉटन, गॉज, बँडेजच्या छोट्या कारखान्यात सुरुवात झाली तर ती कमी लेखू नका. तिथे एकाच माणसाला सगळं बघावं लागतं, त्यामुळे शिकायला भरपूर मिळतं. त्यापलीकडे नागपूरजवळची बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी, मग पुणे, वापी-सुरत, फरीदाबाद, आणि विशाखापट्टणमचं मेडटेक पार्क. बहुतेकांना काही वर्षं तरी गाव सोडावं लागतं.

शेवटी तपासून भागत नाही

ट्रॅक्टरचा सुटा भाग असेल तर माप घेतलं, बसला, पाठवला. गॉजचं पाकीट आतून निर्जंतुक आहे का हे बघायचं तर ते फोडावं लागतं, आणि फोडलेलं पाकीट विकता येत नाही. मग थोडे नमुने तपासू म्हणाल, तर एक गणित करून बघा.

समजा लॉटमध्ये, म्हणजे एका खेपेला काढलेल्या मालात, शंभरात एक पाकीट खराब आहे. तुम्ही २० पाकिटं काढून तपासली. एक पाकीट चांगलं निघण्याची शक्यता ०.९९. वीसच्या वीस चांगली निघण्याची शक्यता ०.९९ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ०.८२. असे शंभर लॉट आले तर त्यातले ८२ तुमच्या तपासणीतून सुखरूप पार होतील आणि खराब पाकिटांसकट दवाखान्यात पोचतील. आता अपेक्षा किती असते ते बघा: निर्जंतुक म्हणून विकलेल्या पाकिटात जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी असावी लागते. हे नमुने तपासून कोणालाही दाखवता येणार नाही.

भामरागडच्या उपकेंद्रात रात्री बाळंतपण करणारी सिस्टर पाकीट फोडते, तेव्हा तिच्याजवळ तपासायला काही नसतं. ती पाकीट फाटलेलं नाही ना बघते, तारीख बघते आणि वापरते. तिच्या वाटची तपासणी आधीच कारखान्यात झालेली असली पाहिजे, आणि ती मालाची नव्हे, प्रक्रियेची. मेडिकल डिव्हाइसच्या गुणवत्ता व्यवस्थेसाठीच्या आयएसओ १३४८५ या मानकातलं ७.५.६ हे कलम हेच सांगतं: ज्या प्रक्रियेचा परिणाम नंतर मोजून पडताळता येत नाही किंवा पडताळला जात नाही, ती प्रक्रिया आधीच प्रमाणित करा. कारखान्यात यालाच व्हॅलिडेशन म्हणतात. तुमच्या नोकरीचा मोठा भाग याच एका शब्दात आहे.

कायद्याचं थोडक्यात. भारतात मेडिकल डिव्हाइस रूल्स, २०१७ लागू आहेत. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. धोक्यानुसार डिव्हाइसचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, सी आणि डी वर्गाचा केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडून. या नियमांचं पाचवं परिशिष्ट गुणवत्ता व्यवस्थेबद्दल आहे. ते सीडीएससीओच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मुलाखतीला जाण्याआधी ते वाचलेलं असू द्या. वाचून येणारे फार कमी असतात.

आधी माल समजून घ्या

नवीन माणूस सरळ मशीनच्या पॅनलपाशी जाऊन उभा राहतो. तसं करू नका. आधी कच्चा माल कुठून येतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचं काय होतं, हे हातानं लावून बघा.

जिनिंगमधून आलेली रुई पाण्यात टाकली तर तरंगते. तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. वजनानं एक टक्क्याहूनही कमी, पण पाणी अडवायला तेवढा पुरतो. म्हणून रुई झोडून, कचरा-पत्ती काढून किअरमध्ये, म्हणजे उकळायच्या मोठ्या बंद भांड्यात, टाकतात आणि कॉस्टिक सोडा व साबणासारख्या द्रव्याबरोबर दाबाखाली काही तास उकळतात. मेण सुटतं. मग धुलाई, हायड्रोजन पेरॉक्साइडनं ब्लीचिंग, पुन्हा धुलाई, उरलेला अल्कली मारण्यासाठी सौम्य आम्ल, परत धुलाई. नंतर पाणी पिळून काढणं, वाळवणं, कार्डिंगवर, म्हणजे तंतू विंचरणाऱ्या मशीनवर, पातळ थर काढणं आणि गुंडाळी.

या साखळीत प्रोसेस इंजिनीअरनं सगळ्यात जास्त लक्ष कुठे द्यावं? माझं मत विचाराल तर पाण्याकडे. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून तंतूवर चिकट थर बसवतं, आणि मेण काढल्यावरही कापूस पाणी लवकर पीत नाही. पाण्यात लोह असेल तर पेरॉक्साइड भसकन फुटतं, ब्लीचिंग कमी होतं आणि वर तंतूही कमजोर होतो. उन्हाळ्यात बोअर खाली गेलं की पाणी बदलू शकतं. जानेवारीत जी कृती छान चालली ती मे महिन्यात दगा देते आणि सगळे पेरॉक्साइडच्या पुरवठादाराला दोष देत बसतात. म्हणून पाण्याचा जडपणा आणि लोह दर आठवड्याला मोजून एका तक्त्यावर मांडायला लागा. पाण्याचा जडपणा काढणारं सॉफ्टनर पुन्हा ताजं कधी केलं (रिजनरेशन), तेही त्याच तक्त्यावर.

दुसरं लक्ष रुईकडे. पहिल्या वेचणीची रुई आणि फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांची, रुई एकाच कृतीनं एकसारखी निघत नाही. फरदडीत अपरिपक्व तंतू जास्त, त्यांच्या गाठी होतात, कार्डिंगनंतर पांढऱ्या बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. आणि एक दोष असा आहे की जो कापसाच्या गावातला माणूस लगेच ओळखेल: खताच्या, बियाण्याच्या प्लास्टिक पोत्यात कापूस वेचला की पोत्याचे पॉलिप्रॉपिलीनचे धागे त्यात मिसळतात. ते ब्लीच होत नाहीत, किअरमध्ये विरघळत नाहीत, आणि शेवटी पांढऱ्याशुभ्र गुंडाळीत निळा-पिवळा धागा दिसतो. हे मशीनवर सुटणारं दुखणं नाही. जिनिंगवाल्यांशी बोलून, रुईची गाठ घेतानाच हातानं उघडून बघण्याचा नियम करावा लागतो. वेचणीला सुती कापड वापरा हे शेतकऱ्याला सांगायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही.

दहा सेकंदांची चाचणी

सर्जिकल कॉटनची एक चाचणी इतकी साधी आणि इतकी बोलकी आहे की नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात ती स्वतः करायला लावावी.

तांब्याच्या बारीक तारेची दंडगोल टोपली असते, ८ सेंटीमीटर उंच, ५ सेंटीमीटर व्यासाची, वजन तीन ग्रॅमच्या आत. लॉटमधल्या पाच वेगवेगळ्या जागांहून एकेक ग्रॅम कापूस घेऊन त्यात सैल भरायचा. चंचुपात्रात २० अंश तापमानाचं पाणी १० सेंटीमीटर खोल. टोपली आडवी धरून पाण्यापासून साधारण १० मिलिमीटर उंचीवरून सोडायची आणि स्टॉपवॉच दाबायचं. टोपली पाण्याखाली जायला १० सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. मग ती बाहेर काढून आडवी धरून ३० सेकंद निथळू द्यायची आणि वजन करायचं: एक ग्रॅम कापसानं किमान २३ ग्रॅम पाणी धरलं पाहिजे.

करताना तीन गोष्टींत माणूस घोळ घालतो. कापूस दाबून भरतो, पाणी नळाचं जसं आलं तसं घेतो (मे महिन्यात टाकीचं पाणी २० अंश असणं शक्यच नाही), आणि पाच जागांऐवजी वरचाच मऊ थर घेतो. आकडा चांगला येतो, पण तो लॉटचा आकडा नसतो.

आणि आकडा नुसता "पास" म्हणून लिहू नका, सेकंद लिहा. एका कारखान्यात खरेदीवाल्यांनी किअरमधलं डिटर्जंट बदललं, स्वस्त मिळालं म्हणून, आणि कोणाला कळवलं नाही. बुडण्याचा वेळ चार सेकंदांवरून हळूहळू आठवर गेला. प्रत्येक लॉट पास होता, रजिस्टरमध्ये सगळीकडे "पास" लिहिलं होतं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. अकराव्या सेकंदाला लॉट अडकला तेव्हा धावपळ झाली. सेकंदांचा तक्ता भिंतीवर असता तर रेघ वर चढताना आधीच दिसली असती.

तयार कॉटनला चमक येण्यासाठी कपड्यांची पांढरी पावडर टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ठामपणे नाकारा. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरलं की असा कापूस झगझगीत निळा दिसतो आणि लॉट नापास होतो. जखमेवर अशी रसायनं जाऊ नयेत म्हणूनच ती चाचणी ठेवलेली आहे.

व्हॅलिडेशन: पाकिटाचं सील

आता गॉज. कागद आणि प्लास्टिक फिल्मच्या पाकिटात भरून सील करायचं, मग निर्जंतुक करायचं. सील उघडं राहिलं तर आतली निर्जंतुकता गेली, म्हणून सीलिंग मशीनचं व्हॅलिडेशन हे नवख्याला हमखास दिलं जाणारं पहिलं काम. याचे तीन टप्पे: आयक्यू (इन्स्टॉलेशन क्वालिफिकेशन), ओक्यू (ऑपरेशनल क्वालिफिकेशन), पीक्यू (परफॉर्मन्स क्वालिफिकेशन).

आयक्यूमध्ये मशीन नीट बसवलंय का ते बघायचं: वायरिंग, हवेचा दाब, तापमान दाखवणाऱ्या सेन्सरचं कॅलिब्रेशन, सुट्या भागांची यादी. कंटाळवाणं वाटतं, पण पॅनलवरचे १४५ अंश आणि सील मारणाऱ्या गरम पट्टीवरचे खरे अंश यांत फरक असेल तर तो इथेच सापडतो. थर्मोकपल लावून पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. टोकं बहुधा थंड असतात.

ओक्यू हा खरा डोक्याचा टप्पा. तापमान, दाब आणि पट्टी किती वेळ दाबून धरायची, हे तीन आकडे. तिन्ही कमीत कमी ठेवून पाकिटं काढा, तिन्ही जास्तीत जास्त ठेवून काढा, आणि मधली काढा. खालच्या टोकाला सीलमध्ये बारीक वाट राहते; रंगीत द्राव सोडला की तो त्या वाटेनं बाहेर येताना दिसतो. वरच्या टोकाला फिल्म जळते किंवा उघडताना कागद फाटून त्याचे तंतू गॉजवर पडतात. ही दोन्ही टोकं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मर्यादा लिहायच्या नाहीत. जुन्या मशीनचे आकडे नव्या मशीनला चिकटवणं ही आपल्याकडची फार मोठी वाईट सवय आहे.

ग्रामीण भागातल्या कारखान्यात ओक्यूमध्ये आणखी एक गोष्ट घालाच: वीज. फीडर ट्रिप झाला, दहा मिनिटांनी वीज आली, मशीन सुरू झालं. पट्टी परत तापमानावर यायला किती वेळ लागतो? तोवर मशीन सील मारू देतं का? जबड्यात अडकलेल्या पाकिटाचं काय करायचं? व्होल्टेज कमी असताना काय होतं? हे मुद्दाम वीज घालवून बघा, आकडा काढा आणि ऑपरेटरच्या सूचनेत लिहा: वीज आल्यावर इतकी मिनिटं थांबायचं, पहिली इतकी पाकिटं बाजूला काढून फाडून टाकायची.

पीक्यू म्हणजे नेहमीच्या माणसांनी, नेहमीच्या मालावर, नेहमीच्या पाळीत काढलेले लॉट, सहसा तीन. तिन्ही लॉट एकाच सोमवारी सकाळी, सगळ्यात हुशार ऑपरेटरकडून काढून घेतले तर पीक्यू केल्यासारखं दिसतं, झालेलं नसतं. रात्रपाळी घ्या, फिल्मचे वेगवेगळे रोल घ्या.

सीलची ताकद मोजली की सीपीके, म्हणजे प्रक्रिया मर्यादेपासून किती सुरक्षित अंतरावर आहे ते सांगणारा आकडा, काढायला सांगतील. समजा खालची मर्यादा १५ मिलिमीटर रुंदीला १.५ न्यूटन, तुमची सरासरी २.७ आणि प्रमाण विचलन (मापं सरासरीभोवती किती पसरतात ते) ०.३. मर्यादेपासूनचं अंतर १.२, त्याला तिप्पट विचलनानं म्हणजे ०.९ नं भागलं की १.३३. बऱ्याच कंपन्या हाच आकडा किमान धरतात. सरासरी चांगली असून विचलन ०.५ झालं तर तोच आकडा ०.८ वर येतो. सरासरी बघून खूश होणाऱ्या माणसाला हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवा.

निर्जंतुकीकरण, स्वच्छ खोली, गोदाम

निर्जंतुकीकरण वाफेनं, इथिलीन ऑक्साइड वायूनं किंवा किरणांनी होतं. पहिल्या दोन पद्धतींची परीक्षा घ्यायला वेगवेगळे चिवट जंतू वापरतात: वाफेला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, इथिलीन ऑक्साइडला बॅसिलस अॅट्रोफेयस. सुरुवातीला तुम्ही सायकल, म्हणजे निर्जंतुकीकरणाची एक पूर्ण फेरी कशी चालवायची ते, ठरवणार नाही, पण खोकी कशी रचायची हे तुमच्याकडे येईल. प्रमाणित केलेल्या रचनेत दोन खोकी जास्त कोंबली की वाफ किंवा वायू मधल्या खोक्यापर्यंत नीट पोचेलच असं नाही. इथिलीन ऑक्साइड ज्वलनशील आहे आणि त्यानं कर्करोग होतो. अलार्म वाजला की कुतूहलानं आत डोकावायचं नाही, बाहेर पडायचं.

स्वच्छ खोलीत सगळ्यात जास्त कण माणूसच सोडतो. आयएसओ ७ दर्जाच्या खोलीत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण घनमीटरला ३,५२,००० पेक्षा जास्त नकोत. पावडर, मेकअप, बांगड्या, घड्याळ बाहेर. हळू चाला.

गोदामाकडे मात्र कारखाने पाहिजे तेवढं बघत नाहीत. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो; पत्र्याखाली त्याहून जास्त. पाकिटाचं टिकाऊपण ठरवताना ५५ अंशांवर झटपट जुनं करतात. दर १० अंशांना वेग दुप्पट धरला तर २५ अंशांवरचं एक वर्ष म्हणजे ५५ अंशांवर साधारण ४६ दिवस. याचाच उलटा अर्थ असा की तापलेल्या पत्र्याखाली पडलेलं पाकीट कॅलेंडरपेक्षा लवकर म्हातारं होतं. तापमान आपोआप नोंदवणारा एक डेटा लॉगर गोदामात वरच्या थराला ठेवा, एक ट्रकमध्ये पाठवा. ऑगस्टमध्ये उलटं दुखणं: कापूस हवेतली ओल ओढतो, आणि वाळवल्यावर होणारी वजनातली घट आठ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे.

माणसं आणि कागद

किअरवर वीस-पंचवीस वर्षं काम केलेले काका असतात. ते म्हणतात, "साहेब, आज मालाचा वास अलग येऊन रायला." त्यांना तुम्ही काय उत्तर देता यावर तुमची पुढची वर्षं कशी जातील ते ठरतं. लगेच जाऊन वास घ्या, पीएच मोजा, नोंद करा. काही निघालं नाही तरी त्यांना येऊन सांगा की मोजलं, ठीक आहे. पुढच्या वेळी ते पुन्हा सांगतील. पॅकिंगच्या मावशींना सीलमधली सुरकुती तुमच्याआधी दिसते.

कामाच्या सूचना मराठीत असाव्यात, यासाठी आग्रह धरा. इंग्रजीतला कागद भिंतीवर लटकलेला आणि माणसं ऐकीव माहितीवर काम करतात, असं खूप ठिकाणी आहे. मराठी प्रतही नियंत्रित असली पाहिजे: क्रमांक, आवृत्ती, सही, तारीख.

नोंदीत चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नाही, मागची तारीख नाही. कोणताही बदल, मग तो साबणाचा ब्रँड असो की सुईचा पुरवठादार, चेंज कंट्रोलच्या कागदावरून गेला पाहिजे. वरिष्ठ "उद्या कागद करू" म्हणाले तर नम्रपणे, पण आजच करून घ्या.

तयारी कशी करायची

प्लास्टिककडे जायचं असेल तर चंद्रपूरला सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचं केंद्र आहे; इंजेक्शन मोल्डिंग हातानं शिकता येतं, आणि सिरिंजचा नळा त्यावरच बनतो. कापसाकडे जायचं असेल तर सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था एकदा जाऊन बघा. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर बरीच भारतीय मानकं विनामूल्य उतरवता येतात. व्हॅलिडेशनवर जीएचटीएफ या डिव्हाइस नियामकांच्या आंतरराष्ट्रीय गटाचं २००४ सालचं मार्गदर्शन फुकट आहे आणि अजूनही उत्तम आहे. सोबत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरना विचारा, कोणतं पाकीट हातमोजे घालून उघडत नाही? पुस्तकात न मिळणारी माहिती मिळते.

मुलाखतीत हमखास प्रश्न येतो: सीलची ताकद अचानक कमी आली, काय कराल? "तापमान वाढवीन" असं उत्तर देणारे तिथेच संपतात. आधी मशीन थांबवायचं, शेवटच्या चांगल्या नोंदीपासून पुढचा सगळा माल लाल लेबल लावून वेगळा ठेवायचा, क्वालिटीला कळवायचं; मग मोजमापाचं यंत्र बरोबर आहे ना ते बघायचं; मग फिल्मचा रोल, पट्टी, हवेचा दाब. प्रमाणित मर्यादेबाहेर काहीही फिरवायचं नाही. मराठी माध्यमातून आलात म्हणून घाबरू नका: काय झालं, कधी झालं, किती मालात झालं, एवढं सरळ इंग्रजीत लिहिता आलं की अहवाल चालतो.

आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक काम स्वतःहून करा. स्टोअरमधून तयार गॉजचं एक पाकीट उचला आणि त्यावरच्या लॉट क्रमांकावरून मागे जा: निर्जंतुकीकरणाची सायकल, सीलिंगची पाळी, फिल्मचा रोल, ब्लीचिंगचा घाणा, कापडाचा ताका, पाण्याचा त्या आठवड्याचा अहवाल. प्रत्येक कागद हातात घेऊन बघा. कुठे ना कुठे एक कागद सापडणार नाही. त्याची नोंद करून वरिष्ठांकडे घेऊन जा.